नावावरची बारीक अक्षरं

हिनोसावाच्या खोऱ्यातलं पुस्तकांचं दुकान बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती. त्यामुळे ओरिकासा शिझुओने कादंबरी शेती सोसायटीच्या दुकानातून मागवली. खत, गमबूट आणि फवारणीचे पंप मागवायच्या छापील फॉर्मवर त्याने नेटक्या अक्षरांत लिहिलं: ‘शतदुर्ग’, नग दोन. काउंटरवरच्या बाईने फॉर्म डोळ्यांजवळ धरला.

“एकच पुस्तक दोनदा?”

“एक वाचायला, एक द्यायला.”

“कुणाला?”

“हाय एक जण,” शिझुओ म्हणाला आणि टोपी चढवून बाहेर पडला.

शिझुओ सत्तावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचणारा. रस्त्याकडेचं लोखंडी झाकण उचलायचं, बर्फ असेल तर खरवडायचं, वाकून आकडा टिपायचा, झाकण ठेवायचं, पुढचं घर. नोकरीला लागला तेव्हा खोरं फिरायला सहा दिवस लागत. आता दीड दिवसात आटपायचं. कितीतरी मीटरांचे काटे वर्षानुवर्षं हललेले नव्हते. खात्याने सांगितलं होतं, की अशी घरं बघायची गरज नाही. पण हा गडी तीही झाकणं उचलून बघायचा. न जाणो, कुणी परत आलं असलं तर. अठ्ठावीस वर्षांत एकदाच काटा हललेला सापडला, आणि तोही नळ गोठून फुटल्यामुळे.

घरी थोरली बहीण होती, नवऱ्यामागे माहेरी परतलेली. तिचं नाव इयो, पण सरकारी कागदावर ती एयो आहे. ती जन्मली तेव्हा बाप खुशीत दोन पेले चढवून नाव नोंदवायला गेला. कारकून बाहेरगावचा. आता आमच्या खोऱ्यातल्या जिभेचं दुखणं असं, की तिला ‘इ’ आणि ‘ए’ वेगळे करता येत नाहीत. दोन्हींचा मिळून मधलाच एक काहीतरी निघतो. बापाने सांगितलं इयो, कारकुनाने ऐकलं एयो, आणि साऱ्या देशात कुणाचं नाही असं नाव पोरीला मिळालं. दवाखान्यात पुकारा झाला की लोक माना वळवून बघत. “माझं नाव सरकारनं बिघडवलं, म्हणून मी काय जेवायची थांबले?” असं ती म्हणायची. हा किस्सा शिझुओने शंभर वेळा ऐकला होता, आणि शंभरही वेळा तो मनापासून हसला होता. त्या किश्शातून स्वतःसाठी काही घ्यावं, हे मात्र त्याला एकदाही सुचलं नाही.

‘शतदुर्ग’ हा संगणकावरचा खेळ. जुन्या यादवीचा काळ, शंभर किल्ले, शंभर सरदार. त्यातला एक आपण व्हायचं आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना जिंकायचं. पहिला भाग आला तेव्हा शिझुओ सतरा वर्षांचा होता आणि अख्ख्या खोऱ्यात संगणक एकच होता: कोन्नो इलेक्ट्रिकच्या काचेत, विकायला ठेवलेला. तो कुणी विकत घेतला नाही हे दुकानाचं दुर्दैव आणि दोन पोरांचं नशीब. कोन्नोंचा मित्सुरु आणि शिझुओ शाळेतून थेट तिथे. कॅसेट लावायची, ती करकरत वीस मिनिटं चालायची, तेवढ्यात मित्सुरुची आई मुळ्याचं लोणचं आणि चहा आणून ठेवायची.

आणि शंभरातला नव्व्याण्णवावा सरदार आपल्या खोऱ्याचा होता! मंदिरामागच्या टेकाडावर ज्याच्या किल्ल्याचे चार दगड उरलेत, तो. शौर्य एकतीस, बुद्धी अठ्ठावीस, फौज चारशे. शेजारचा सरदार तिसऱ्या वर्षी चालून यायचा आणि खेळ खलास. ह्या दोघांनी चुकूनही दुसरा सरदार घेतला नाही. हरायचं ठरलेलं, फक्त तिसऱ्याऐवजी चौथ्या वर्षी हरता येतं का, एवढंच बघायचं.

भानगड होती ती नावाची. नाव लिहायचं चित्राक्षरांत, आणि उच्चार कळावा म्हणून डोक्यावर बारीक अक्षरं. ह्या सरदाराच्या नावातलं पहिलं अक्षर वस्त्राचं, आणि कोशात बघाल तर त्याचे उच्चार दोन: ‘इ’सुद्धा, ‘ए’सुद्धा. खेळात बारीक अक्षरांत छापलं होतं: इतानी. शिझुओच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्याची आजी, जिच्या मांडीवर त्याने सरदाराची गोष्ट ऐकली, ती म्हणायची एतानी. पितरांच्या सणाला बायका नाचताना गायच्या तेही ‘एतानीसामा, एतानीसामा’, म्हणजे एतानी महाराज. तोक्योतल्या कुणा कारकुनाने कोश उघडून पहिला सापडला तो उच्चार ठोकून दिला, असं त्याचं मत झालं, आणि ते पुढे चाळीस वर्षं हललं नाही.

खेळाच्या डब्यात एक छापील पोस्टकार्ड असायचं, ‘आपला अभिप्राय कळवा’. शिझुओने कळवला: नाव एतानी आहे, कृपया दुरुस्ती व्हावी. उत्तर आलं, मौल्यवान सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार, संबंधित विभागाकडे पाठवत आहोत. दुसरा भाग आला, इतानीच. पुन्हा कार्ड. चाळीस वर्षांत खेळाचे चौदा भाग निघाले. चौदा कार्डं गेली, चौदा आभार आले आणि संबंधित विभाग काही हलला नाही.

ह्याच नावापायी मित्सुरु तुटला.

मित्सुरु शाळा संपल्यावर सेंदाईला गेला, ऑफिसांना कॉपी मशिनं विकायच्या नोकरीवर. खोऱ्यातून तेव्हा आगगाडी जायची. शिझुओ त्याला स्टेशनवर सोडायला गेला होता, दोघांनी मिळून खेळाची कॅसेटही वाटून घेतली होती: सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. दुसऱ्या उन्हाळ्यात पितरांच्या सणाला मित्सुरु घरी आला तो रेडिओवरच्या बातम्या द्यायला आल्यासारखा. शब्द कसे एकेक धुऊन पुसून मांडलेले. दुकानातल्या त्या संगणकापुढे दोघं बसले, आणि तो पडद्यावरचं नाव वाचून म्हणाला, “इतानी.”

“एतानी,” शिझुओ म्हणाला.

“शिझुओ, एक सांगू? ते इतानीच असणार. आजी एतानी म्हणते कारण आजीला ‘इ’ म्हणताच येत नाही. तुझ्या बहिणीचं झालं तेच हे.”

“म्हंजे माझ्या आजीला तिच्याच राजाचं नाव ठावं न्हाई? आन् त्या तोक्योवाल्याला ठावं?”

“अरे, मला ऑफिसात काय झालं ऐक. पहिल्या आठवड्यात पाच जिने चढून गेलो, साहेबाला म्हणालो, दम लागला. आता इतर लोक दमाला, श्वासाला ‘इकि’ म्हणतात आणि स्टेशनाला ‘एकि’. माझ्या तोंडून दोन्हींना एकच निघालं. अख्खं ऑफिस हसलं. कोन्नोला जिन्यात स्टेशन लागलं! वर्षभर मला स्टेशनमास्तर म्हणत होते. मी रात्री आरशापुढे बसून ‘इ’ शिकलो. तुमची ही जीभच अशी आहे, त्याला राजा तरी काय करणार?”

तो बोलला ते गमतीनेच. पण शिझुओच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला: तुमची. आपली नव्हे, तुमची.

“तुमची व्हय?” तो उठला. “आन् तुझी कंची रं, स्टेशनमास्तर?”

मित्सुरुचा चेहरा पांढरा पडला. शिझुओने चपला हातातच घेतल्या आणि घर गाठलं. कॅसेट मित्सुरुकडेच राहिली.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. मित्सुरुच्या बापाच्या अंत्यविधीला समोरासमोर आले, कमरेत वाकून नमस्कार केला, संपलं. मात्र दर नववर्षाला मित्सुरुचं कार्ड यायचं आणि शिझुओचं जायचं. शुभेच्छा छापील, खाली हाताने एकच ओळ. ‘यंदा चौथ्या वर्षी पडले.’ ‘नव्या भागात फौज पाचशे दिली आहे, तरी तिसऱ्याच वर्षी पडले.’ त्या ओळीच्या सुरुवातीला सरदाराचं नाव दोन चित्राक्षरांत असायचं, आणि त्यावर बारीक अक्षरं दोघंही लिहीत नसत. ज्याने त्याने आपल्या मनात हवं तसं वाचावं. अडतीस वर्षं भांडण असं त्या चित्राक्षरांच्या आड गुपचूप बसून राहिलं.

एवढ्यात खोऱ्यात काय काय झालं! मोठ्या पुरात आगगाडीचा पूल वाहून गेला, तो पुन्हा बांधला नाही. रूळ काढले. स्टेशनची इमारत आहे, तिच्यापुढे दिवसातून तीनदा बस थांबते, आणि आम्ही अजून ‘स्टेशनवर जाऊन येतो’ असंच म्हणतो. शाळा मिटली. सणाचा नाच बायका पुरेनात म्हणून बंद झाला. एतानीसामा असं गाणारी शेवटची बाई शिझुओच्या यादीत होती. तिचा मीटर परवाच्या मार्चात थांबला. शिझुओला एक दिवस लख्ख कळलं, की हे नाव बरोबर म्हणणारा आता आपणच उरलो. आपण गेलो की तोक्योचा इतानी कायमचा बसणार. त्याने स्वतःच्या जिवाची एवढी काळजी कधी केली नव्हती.

आणि मग बातमी आली, की ‘शतदुर्ग’वर कादंबरी निघते आहे. लेखिकेने शंभरही सरदार घेतलेत म्हणे.

दोन प्रती त्यासाठी. नाव बरोबर छापलेलं निघालं, तर त्या पानात खूण घालून एक प्रत सेंदाईला धाडायची. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. मित्सुरुने वाचावं आणि एकदा, फक्त एकदा, म्हणावं, “तुझं बरोबर होतं रे.” मग अडतीस वर्षं धुऊन काढता आली असती. एवढंच त्याला हवं होतं, आणि मला विचाराल तर हे काही फार मागणं नव्हतं.

पुस्तक आलं नोव्हेंबराच्या शेवटाला. चांगलं जाडजूड. शिझुओने पण केला, की पानं पुढे चाळायची नाहीत. रोज दुपारी बंद शाळेच्या आवारात गाडी लावायची, हिटर चालू ठेवून भाताचे गोळे खायचे आणि दहा पानं वाचायची. बहिणीला असला पण वगैरे नव्हता. तिने पहिल्याच दिवशी शेवटचं पान काढलं.

“मरत्यात सगळे,” तिने जाहीर केलं.

“ताई, गप बस की!”

“चारशे वर्सांमागचे लोक, जगून कसे ऱ्हातील? सारा जन्म पाण्याचे आकडे वाचण्यात गेला, आन् आता मेलेल्यांची बुकं. त्या राजाला कुणी एतानी म्हणा न्हाईतर भोपळा म्हणा, तो उठून ‘ओ’ देणार हाय का?”

कादंबरी त्याला आवडली. खेळात जे नुसते आकडे होते त्यांना ह्या बाईने गुडघेदुखी दिली होती, सासू दिली होती. शौर्य सत्तर असलेला एक सरदार उंदराला घाबरायचा. शिझुओ गाडीत एकटाच हसायचा, आणि प्रत्येक दहा पानांनंतर त्याला वाटायचं, हे मित्सुरुला सांगायला पाहिजे.

दोनशे चौदाव्या पानावर होता त्या दिवशी कार्ड आलं. करड्या रेघेच्या चौकटीतलं. सुतकाचं कार्ड काय असतं ते वाचावं लागत नाही, रंगावरून कळतं. ‘पती कोन्नो मित्सुरु सप्टेंबरमध्ये निवर्तले. घरी सुतक असल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देता येणार नाहीत, क्षमस्व.’ खाली नाव, मिहोको.

शिझुओने ते ताईच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. फोडलेलीच पुन्हा फोडली. ताईने त्याला जेवायला हाक मारली नाही.

चार दिवस त्याने पुस्तक उघडलं नाही. पाचव्या दिवशी, शनिवारी, सकाळी चहा झाल्यावर उघडलं ते संध्याकाळी संपवूनच मिटलं. तीनशे एकतिसाव्या पानावर त्याचं खोरं आलं. शेजारचा सरदार चालून येतोय; आपला सरदार बायामाणसांना बियाण्याची पोती घेऊन घाटापलीकडे धाडतो, घोडेही त्यांच्यासोबत देतो, आणि चाळीस म्हाताऱ्यांना घेऊन किल्ल्यात राहतो. आणि नाव. पहिल्यांदा येतं तिथेच बारीक अक्षरं असतात, पुढे नसतात. म्हणजे अख्ख्या पुस्तकात एकच जागा. तिथे होतं: एतानी.

शिझुओने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

शेवटी लेखिकेचं मनोगत होतं. ‘कंपनीच्या कपाटात एकाच वाचकाची चौदा पोस्टकार्डं जपून ठेवलेली मला दाखवण्यात आली. त्या कार्डांनी मला शिकवलं, की नावाचा खरा उच्चार कोशात नसतो, माणसांच्या तोंडात असतो. एतानी ह्या नावासाठी हिनोसावाच्या त्या वाचकाला माझा नमस्कार.’ आणि मागच्या आतल्या पानावर जाहिरात: ‘शतदुर्ग’चा पंधरावा भाग लवकरच, नावांच्या सुधारित उच्चारांसह.

त्याने पुस्तक ताईपुढे धरलं. ती खाली शेगडी आणि वर गोधडी असलेल्या टेबलात पाय घालून बसली होती. तिने बोट लावून ते पान वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं.

“छापलंय खरं,” ती म्हणाली. आणि मग, “जिंकलास की रं. रडतोस कशापायी?”

“सांगू कुणाला?” शिझुओ म्हणाला.

ताई उठली आणि त्याच्या कोटाची तुटलेली गुंडी शिवायला घेतली. “उद्याच्याला जा,” ती म्हणाली. “मेलेल्याला सांगायचं तर त्याच्या घरी जाऊन सांगावं.”

रविवारी सकाळच्या बसने तो निघाला, घाट उतरून आगगाडीत बसला. सेंदाईत मित्सुरुचं घर चौथ्या मजल्यावर. मिहोकोवहिनी योकोहामाची, बोलायला मऊ, शहरी. ती दार उघडून खाली वाकली ती बराच वेळ वर उठेना.

“ओरिकासासान. तुम्ही याल असं मला वाटलंच नव्हतं. ते तुमच्याबद्दल फार बोलायचे.”

“काय बोलायचा?” शिझुओने विचारलं आणि त्याचं बोलणं त्या स्वच्छ खोलीत त्यालाच खडबडीत लागलं.

पितरांच्या देव्हाऱ्यात मित्सुरुचा फोटो होता. केस पांढरे, टाय बांधलेला, चेहऱ्यावर गिऱ्हाइकापुढे ठेवायचं हसू. शिझुओने उदबत्ती लावली, घंटी वाजवली, हात जोडले. मग पिशवीतून दुसरी प्रत काढून समोर ठेवली आणि खूण घातलेलं पान उघडलं. मोठ्याने वाचावं की नाही ह्याचा त्याने क्षणभर विचार केला. मग वाचलं. बियाण्याची पोती, घोडे, चाळीस म्हातारे. “एतानी,” त्याने फोटोकडे बघून म्हटलं. “छापलंय, मित्सुरु. बघ. छापलंय.”

वहिनी मागे बसून ऐकत होती. ती उठून आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली.

“हे तुमचंच आहे बहुतेक. त्यांच्या टेबलात होतं. वीस वर्षांपूर्वी ते जुन्या कागदपत्रांच्या एका संग्रहालयात कॉपी मशिन बसवायला गेले होते. आले ते हा एक कागद घेऊन. इतके खूश! जेवायलासुद्धा थांबले नाहीत, आधी तुम्हाला पत्र लिहायला बसले.”

पाकिटात एक कॉपी होती. चारशे वर्षांपूर्वीच्या बाईचं अक्षर, सगळं साध्या उच्चाराच्या लिपीत, कारण तेव्हा बायका तशाच लिहीत. सरदाराच्या आईने मंदिराला लिहिलेलं पत्र: माझ्या मुलासाठी, इतानीच्या धन्यासाठी, पाठ करावा. मित्सुरुने त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. इ. स्वच्छ, ठसठशीत इ. खाली आणखी एकदा, सहीत: इतानीची आई. तिने स्वतःचं नाव तरी चुकवलं नसणार.

कॉपीमागे नववर्षाचं एक न पाठवलेलं कार्ड होतं, वीस वर्षांपूर्वीचं. ‘यंदा चौथ्या वर्षी पडले.’ आणि सरदाराच्या नावावर पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, इतानी. मग ते खोडरबराने पुसलेलं. पुसूनही दिसत होतं.

“मग धाडलं का न्हाई?” शिझुओचा आवाज कुठूनतरी लांबून आला.

“मीही विचारलं. तर म्हणाले, राहू दे. त्याच्याकडे तेवढंच आहे.” वहिनीने मान तिरपी केली. “म्हणजे काय ते मला कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?”

कळत होतं. आजीला ‘इ’ म्हणता येत नव्हतं. नाचणाऱ्या बायकांना येत नव्हतं. ताईला अख्ख्या जन्माचं चुकीचं नाव मिळालं त्याच जिभेने, आणि तो त्यावर शंभर वेळा हसला होता. चौदा कार्डं. तोक्योच्या कारकुनाने पहिल्याच दिवशी बरोबर लिहिलं होतं, ते ह्याने हट्टाने, मेहनतीने, चाळीस वर्षं लावून चुकवलं. आता ते पुस्तकात गेलं, पुढच्या खेळात जाईल. दुरुस्तीचं पंधरावं कार्ड त्याने लिहिलंच, तर आभाराचं पत्र येईल आणि संबंधित विभाग हलणार नाही. त्याला भयंकर लाज वाटली. आणि लाजेहूनही जास्त, मित्सुरु हे सारं माहीत असून वीस वर्षं दर नववर्षाला गपचूप ‘पडले’ म्हणून कळवत राहिला, हे त्याला सहन होईना.

“मित्सुरु,” तो फोटोला म्हणाला, “तुझं बरोबर व्हतं. इतानी.”

पण तोंडून आलं ते एतानी. त्याने पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा तेच. फोटोतला माणूस गिऱ्हाइकापुढचं हसू हसत राहिला.

वहिनीने चहा ओतला. “ओरिकासासान, तुम्ही त्यांच्या गावचे, म्हणून एक विचारू का? कुणाला विचारावं मला समजत नव्हतं.”

“विचारा की, वहिनी.”

“शेवटच्या दोन दिवसांत त्यांचं बोलणं बदललं होतं. फुप्फुसं पार गेलेली, तोंडावर मास्क. आणि इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं असं बोलायला लागले, तुम्ही बोलता तसं. अर्धं मला कळायचं नाही. पण एक शब्द सारखा म्हणायचे, माझा हात घट्ट धरून. एकि. एकि. स्टेशन, स्टेशन. मला वाटलं, गावी जायचंय त्यांना. तुमच्या त्या स्टेशनवर. मी म्हणायचे, हो, जाऊ या हं, बरं वाटलं की लगेच जाऊ. ते मान हलवायचे, नाही नाही करायचे, आणि पुन्हा तेच. मी रात्रभर त्यांना गाडीचं वेळापत्रक सांगत बसले होते. तिथे आता गाडी येत नाही हे मला नंतर कळलं. म्हणून नाही म्हणत होते का? मी काही चुकीचं ऐकलं का?”

शिझुओच्या हातातला पेला तसाच राहिला. पाच जिने चढून आलेला अठरा वर्षांचा मित्सुरु त्याला दिसला, धापा टाकत साहेबापुढे उभा, दम म्हणायला जाऊन स्टेशन म्हणणारा. आरशापुढे बसून शिकलेला तो ‘इ’ शेवटी त्याला सोडून गेला होता, आणि ज्या एका माणसाला तो शब्द कळला असता तो घाटावर बसून अडतीस वर्षं रुसला होता.

साऱ्या जन्मात शिझुओने एकाच गोष्टीसाठी भांडण केलं होतं: शब्दाचा जो खरा उच्चार तोच सांगितला पाहिजे. वहिनी त्याच्याकडे बघत होती.

“न्हाई वहिनी,” तो म्हणाला. “बराबर ऐकलंत. स्टेशनच म्हणत व्हता. गाडी न्हाई तरी बस येती की तिथं. आम्ही त्याला स्टेशनच म्हणतो.”

“खरंच?”

“खरंच. त्यानं तिथूनच गाडी धरली व्हती. मीच सोडाय गेलो व्हतो.”

तिने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला आणि खूप वेळ रडली, आणि मग म्हणाली, “बरं झालं. म्हणजे मी नीट उत्तर देत होते.”

“नीटच देत व्हता,” शिझुओ म्हणाला, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.